झेंडूची माळ आणि रस्त्यावरचे देणे

दसऱ्याच्या सकाळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही आळीतून चालत जावे, तर धुऊन-पुसून उभी केलेली वाहने दिसतात. मोटारीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, रिक्षाच्या काचेवर आंब्याचे डहाळे, ट्रॅक्टरच्या नाकाडावर झेंडूचा जाड हार. आणि अंगणाच्या कडेला, भिंतीला टेकून उभी असलेली घरातली सायकल, तिच्याही हँडलला कुणीतरी आठवणीने बांधलेली चार फुलांची माळ. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सुताराने पटाशी-रंधा आणि गवंड्याने थापी-ओळंबा धुऊन पाटावर मांडलेला असतो. ज्यांच्या जोरावर घर चालते त्या साधनांना वर्षातून एकदा विसावा द्यायचा, त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि संध्याकाळी शिवेपलीकडे जाऊन सोने लुटून यायचे, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगत नाही. तरीही शस्त्रांची पूजा करणाऱ्या समाजाला एक गोष्ट नक्कीच ठाऊक होती. ज्याच्या हाती बळ आहे, त्याच्यावर ते जपून वापरण्याचे बंधन आहे, आणि त्या बळाने कुणाला इजा झाली तर भरून देण्याचेही.

आज आपल्या हाती असलेले सर्वांत मोठे बळ म्हणजे मोटार. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. जे जखमी होऊन घरी परतले, त्यांची संख्या याहून कितीतरी मोठी. यातला सायकलस्वार आपल्या नजरेला फारसा पडत नाही. पहाटे दुधाच्या किटल्या लटकवून निघालेला गवळी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा कॅरिअरला बांधलेला पोऱ्या, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, एमआयडीसीच्या फाटकाकडे निघालेला कंत्राटी कामगार, असे ते सायकलस्वार असतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या या मुली आता दोन वेण्या घालून, घोळक्याने, राज्यमार्गाच्या कडेच्या मातीच्या पट्टीवरून शाळा गाठतात. शहरांत हेल्मेट घालून व्यायामासाठी बाहेर पडणारी मंडळीही वाढली आहेत. या सगळ्यांच्या पाठीमागून भरधाव येणाऱ्या वाहनापुढे त्यांचे बळ सारखेच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि कायद्यापुढे त्यांचा हक्कही सारखाच.

हा हक्क नेमका काय आहे, याची आपल्यापैकी बहुतेकांना कल्पना नसते. ‘सायकलला ना लायसन्स, ना पासिंग, ना विमा, मग भरपाई कसली मिळणार?’ हे वाक्य आपण अपघातानंतरच्या गर्दीत अनेकदा ऐकतो आणि मान डोलावतो. मोटार वाहन कायदा, 1988 पाहिला तर चित्र अगदी उलट दिसते. सायकल हे त्या कायद्याच्या व्याख्येतले मोटार वाहन नाही, म्हणूनच तिला परवाना, नोंदणी, विमा यांपैकी काहीच लागत नाही. विमा लागतो तो धडक देऊ शकणाऱ्या वाहनाला. रस्त्यावरच्या त्रयस्थ माणसाची जोखीम उचलणारा विमा असल्याशिवाय मोटार सार्वजनिक जागी आणूच नये, असे याच कायद्याचे 146 वे कलम सांगते. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आज शोरूमसमोर पेढे वाटले जातील आणि नारळ फुटतील. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा हा विमा घ्यावाच लागतो. किल्लीसोबत हाती पडणाऱ्या कागदांच्या लिफाफ्यात तो असतो. आपण कधी न पाहिलेल्या, उद्या एखाद्या वळणावर भेटणाऱ्या सायकलस्वाराला दिलेले ते वचन आहे. पूजेच्या ताटाजवळ तो कागदही ठेवावा, इतके त्याचे मोल आहे. मुदत संपल्यावर जुन्या दुचाकींचा विमा पुन्हा काढायचा आपल्याकडे सर्रास राहून जातो. पोलिसांनी पकडले तर पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड, एवढीच त्याची भीती आपल्याला वाटते. त्या विम्याअभावी कुणा जखमी माणसाच्या भरपाईचा भक्कम आधार जातो आणि सारे ओझे मालक-चालकाच्या ऐपतीवर येऊन पडते, याचा विचार मात्र होत नाही.

हक्क कागदावर भक्कम आहे. तो निसटतो रस्त्यावर, आणि बहुधा पहिल्या काही तासांतच.

धडक बसली की चालकाने थांबावे, जखमीला उपचार मिळतील असे पाहावे आणि पोलिसांना कळवावे, हे कलम 134 ने त्याचे कर्तव्य ठरवले आहे. जमावाच्या रागाची भीती किंवा आवाक्याबाहेरचे कारण असेल तेवढाच अपवाद. पण चालक थांबो वा न थांबो, तिथे आपण असतो. ‘कशाला पोलिसांच्या भानगडीत पडा’ म्हणत काच वर करून पुढे जाण्याची जी सवय आपल्याला लागली, तिच्यामागची भीती एके काळी खरी होती. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि संसदेने 2019 च्या दुरुस्तीत, कलम 134 अ घालून, ती भीती दूर केली आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याने स्वतःचे नाव-गाव सांगावे अशी सक्तीही करता येत नाही. उपचाराच्या खर्चाचेही तसेच. मे 2025 मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार मोटार अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे, आणि ती जखमी सायकलस्वारालाही लागू आहे. कॅज्युअल्टीच्या दारात ‘आधी डिपॉझिट भरा’ असे कुणी म्हणाले, तर ही योजना तिथल्या तिथे, नाव घेऊन, मोठ्या आवाजात सांगावी लागते. ते सांगण्याइतके त्राण जखमीत नसते. ते काम सोबतच्या माणसाचे.

दवाखान्यात आणखी एक गोष्ट ठरते. ‘पडून लागले’ असे केसपेपरवर लिहिले गेले, की पुढचा सगळा दावा त्या दोन शब्दांशी झगडत राहतो. वाहनाच्या धडकेने लागले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून तशी मेडिको-लीगल नोंद व्हायला हवी. वाहनाचा क्रमांक, रंग, जाण्याची दिशा. वाकलेल्या चाकासकट सायकलचे फोटो. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण, जे थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. आणि पाहणाऱ्या दोघा-तिघांचे फोन नंबर. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नये. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण वर्ष-दोन वर्षांनी न्यायाधिकरणापुढे उभे राहताना सायकलस्वाराच्या हाती याखेरीज दुसरे काही नसते.

आणि मग ती संध्याकाळ येते, जेव्हा चार वजनदार माणसे जखमीच्या घरी येऊन बसतात. वाहनमालक ओळखीतला, भावकीतला किंवा नुसताच मोठा असतो. चहा होतो. ‘पोरगा लहान आहे, त्याचं करिअर बरबाद होईल’, ‘दवाखान्याचं सगळं आम्ही बघतो’, ‘कोर्टात कोण म्हातारं व्हायला बसलंय, मिटवून टाकू’ अशी बोलणी होतात. गावात राहायचे आहे, मालकाच्या रानात उद्या कामाला जायचे आहे, सोसायटीत चेअरमनच्या परवानगीने गाड्या धुवायच्या आहेत. जखमीच्या घरातले लोक मान खाली घालून हो म्हणतात. पंचवीस-तीस हजारांत सही होते. त्या वेळी मोडलेले हाड दिसत असते. सहा महिन्यांनी न वळणारा गुडघा दिसत नसतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा, बुडालेल्या रोजंदारीचा, सेवेसाठी घरी बसलेल्या बायकोच्या मजुरीचा हिशेब त्या बैठकीत कुणीच मांडत नाही. समजूतदारपणा हा आपल्या गावगाड्याचा मोठा गुण, यात शंका नाही. आणि वैर वाढवू नये, हेही खरेच. पण इथे समजूत घालणारे सगळे एका बाजूचे असतात आणि समजून घ्यायचे असते ते नेहमी सायकलवाल्याने. विमा असलेल्या वाहनाच्या बाबतीत तर हे अधिकच अनाठायी आहे, कारण भरपाई द्यायची असते विमा कंपनीने, मालकाच्या खिशातून नव्हे. ज्या गोष्टीसाठी मालकाने हप्ता भरला आहे, ती वापरू न देता जखमीला गप्प बसवणे कुणाच्याच हिताचे नाही. अशा बैठकीला आपल्याला बोलावणे आले, तर जखमीच्या बाजूला बसून हा मुद्दा काढता येतो. तेवढ्याने अनेकदा बोलणीच पालटतात.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हेही इथेच ध्यानात घ्यायला हवे. बेदरकारपणे वाहन चालवणे आणि त्यातून इजा वा मृत्यू घडवणे यांसाठी भारतीय न्याय संहितेत 281, 125 आणि 106 ही कलमे आहेत. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे इतक्या कडक पुराव्याची गरज नाही. घटना तशी घडली असण्याची शक्यता अधिक, एवढे दिसले तरी पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने बिमला देवी प्रकरणात 2009 मध्ये सांगितले आहे. म्हणून चालक खटल्यातून सुटला, तरी सायकलस्वाराचा दावा आपोआप संपत नाही.

दावा दाखल करायला जखमीला अपघाताच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. तो जिथे राहतो वा व्यवसाय करतो त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांवरही मोठी जबाबदारी टाकली आहे. अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे जावा, जखमीला त्याचे हक्क सांगणारा नमुना दहा दिवसांत त्याच्या हाती पडावा आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत पूर्ण व्हावा, अशी ही रचना आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात तिच्या अंमलबजावणीचे तपशीलवार निर्देश दिले. तो हक्कांचा नमुना आपल्याला मिळाला नाही, तर पोलीस ठाण्यात जाऊन मागावा. आणि एक तारीख मनात कोरून ठेवावी: अर्जासाठी आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. आज, दसऱ्याला, कुणाला धडक बसली, तर गुढ्या उभारल्या जातील त्या सुमारास ही मुदत भरत आलेली असेल. प्लास्टर निघून, फिजिओथेरपी संपवून, माणूस जरा सावरतो तोवर इतका काळ सहज निघून जातो.

भरपाई किती, हा प्रश्न सर्वांनाच पडतो, आणि त्याच्या उत्तरात आपल्या न्यायालयांनी दाखवलेली माणुसकी ठळकपणे दिसते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचे नुकसान यांतला फरक समजावून सांगितला. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते. तोच हात सरकारी कचेरीतल्या कारकुनाचा गेला, तर त्याची नोकरी टिकू शकते. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा न उचलता, त्या माणसाच्या हातांना काय काम होते ते पाहायचे. औषधपाणी, जाण्यायेण्याचा खर्च, पौष्टिक आहार, सेवेला लागणारे माणूस, बुडालेली मजुरी, पुढे लागणारे उपचार, वेदना, आयुष्यातल्या गमावलेल्या सुखांची किंमत, लग्न जमण्यातली अडचण, असे सारे मोजले जाते, आणि साधारणपणे अर्जाच्या तारखेपासूनचे व्याजही मिळते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमांना पैशांतले मोल आहे, हे 2021 मध्ये कीर्ती प्रकरणात न्यायालयाने ठामपणे म्हटले. भाजी आणायला सायकलवरून निघालेली गृहिणी ‘कमावती नव्हती’ म्हणून तिच्या घराला भरपाई नाकारता येत नाही. पगाराची चिठ्ठी नसलेल्या मजुराचीही कमाई अंदाजाने धरली जाते. त्यामुळे औषधांच्या साध्या पावत्यासुद्धा एका पिशवीत जपून ठेवणे, हे घरातल्या कुणीतरी आपल्या अंगावर घ्यायला हवे.

चूक कुणाची हे सिद्ध करण्यात न पडता मिळणारी भरपाईही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र ही रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपुष्टात येतो, म्हणून तिच्यावर सही करण्याआधी जाणत्या वकिलाशी बोलावे. वाहन सापडलेच नाही, अंधारात उडवून पळून गेले, तरी सगळे संपत नाही. अशा वेळी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये शासनाच्या योजनेतून मिळतात. पूर्वी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार इतके तोकडे होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो आणि अंतिम मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. ही योजना लोकांपर्यंत पोहोचतच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये नोंदवले आणि जखमींना तिची माहिती देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. गावातला एखादा शिक्षक, एखादी आशाताई, एखादा निवृत्त तलाठी हे काम पोलिसांच्या आधी करू शकतो.

वकिलाच्या खर्चाच्या धास्तीने मागे फिरणाऱ्यांसाठी तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना 1987 च्या कायद्याने तिथे विनामूल्य वकील मिळतो. 15100 हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक.

सायकलस्वाराचीही काही बाजू असते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उलट दिशेने आलेल्या किंवा दिव्याविना अंधारात निघालेल्या सायकलस्वाराची भरपाई त्याच्या चुकीच्या प्रमाणात कमी होऊ शकते. पण नियम मोडला म्हणजे आपोआप दोषी, असे न्यायालय मानत नाही. त्या चुकीमुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली, असा संबंध दिसावा लागतो. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा लावणे हा शहाणपणा आहे, आणि तो आपण मुलांना शिकवावाच. मात्र वाहन चालवण्याविषयीच्या 2017 च्या केंद्रीय विनियमांनी पायी चालणारे, सायकलस्वार, मुले, वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य वाहनचालकावर ठेवले आहे, आणि ते तिथेच असायला हवे. जड वाहन हातात असलेल्या माणसाची एक क्षणाची बेफिकिरी आणि सायकलवरच्या मुलीची एक क्षणाची चूक, यांचे परिणाम सारखे नसतात.

या विचाराची खरी कसोटी आपल्या राज्यात दसऱ्यानंतरच लागते. साखर कारखान्यांत याच दिवसांत बॉयलर पेटतो, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. उसाच्या वाढ्यांनी मागचा दिवा झाकलेला, रिफ्लेक्टर मातीने माखलेला, कॅबिनमधल्या गाण्याच्या आवाजात मागच्या-पुढच्या जगाचा पत्ता नाही; आणि त्याच रस्त्याच्या कडेने हिवाळ्याच्या धुक्यात शाळेला निघालेल्या सायकली. इथे धडक झाली की दाव्यात हमखास निघणारे मुद्दे आपल्याला ठाऊक आहेत. ट्रॅक्टरचा विमा आहे, ट्रॉलीचा वेगळा काढलेला नाही. विमा शेतीकामासाठी होता, वाहतूक मात्र भाड्याची होती. चालकाकडे योग्य परवानाच नव्हता. परवान्यातल्या दोषाचा भार जखमीवर पडू नये, म्हणून ‘आधी कंपनीने भरपाई द्यावी, मग मालकाकडून वसूल करावी’ असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात दाखवला. तरी बाकीच्या मुद्द्यांवर दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि तेवढा काळ एखाद्या मुलीचा पाय, तिची शाळा, तिच्या आईची मजुरी अधांतरी राहते.

हे रेंगाळणे टाळण्याची जागा न्यायालयात नाही; ती कारखान्याच्या काट्यावर आहे. ऊस भरलेले प्रत्येक वाहन तिथे थांबते, त्याचे वजन होते, चालकाची नोंद होते. ज्या संचालक मंडळाने आज बॉयलरची पूजा केली, त्याने ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांचा चालू विमा, वाहतुकीला चालणारी त्यातली अट, चालकाचा परवाना आणि मागचे लाल रिफ्लेक्टर पाहिल्याखेरीज पहिल्या खेपेचा काटा करू नये, अशी मागणी सभासदांनी करावी. आपल्यापैकी अनेक जण त्या कारखान्यांचे सभासद आहेत, आणि मोळीपूजनाला अजून थोडे दिवस बाकी आहेत.